लाखनीचा राऊटर ‘नको’ म्हणत होता

करडीला, आमच्या गावी गेले की माझा चुलतभाऊ रामदास दरवेळी तोच प्रश्न विचारतो. धानाच्या बांधीतून वर येतो, पाय धुतो, चहाचा कप घेतो आणि म्हणतो, “ताई, तू तीस वर्सं भंडाऱ्याले बसून करे तरी काय?”

मी म्हणते, “रस्ते लावायची.”

“कोणता रस्ता लावला? दाखव ना एक.”

दाखवता येत नाही, हीच अडचण. मी एका दूरसंचार कंपनीत नेटवर्कची इंजिनिअर होते. मी लावलेल्या एकाही रस्त्यावर डांबर पडलं नाही, कुणी नारळ फोडला नाही. तुमच्या मोबाईलवरून निघालेला निरोप साकोलीहून भंडाऱ्याला, भंडाऱ्याहून नागपूरला आणि पुढे जगात कुठेही जातो, त्याने कोणत्या गावावरून जायचं हे ठरवणं माझं काम. प्रत्येक मोठ्या गावी आमची एक खोली असते. तिथे गारेगार हवेत लोखंडी कपाट असतं आणि त्यात राऊटर बसवलेला असतो. राऊटर म्हणजे चौकातला पोलीस समजा. निरोप लहान लहान पुडकी होऊन येतो, त्यातल्या प्रत्येक पुडक्यावरचा पत्ता वाचायचा आणि ‘तू इकडून जा, तू तिकडून’ असं सांगायचं. सेकंदाला लाखो वेळा. न कंटाळता.

न कंटाळता म्हणाले खरी, पण एकदा एका गृहस्थांनी मला इथेच अडवलं. ते पवनीचे, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. मुलगा जर्मनीत. गुरुजी महिन्यातून एकदा ऑफिसात यायचे आणि विचारायचे, “काल मी मुलाला फोटो पाठवले. ते कोणत्या वाटेनं गेले?” सुरुवातीला मला हसू यायचं. मग मीच उत्सुकतेनं बघू लागले. कधी मुंबईहून समुद्राखालून, कधी चेन्नईला वळसा घालून. गुरुजी वहीत नकाशा काढून रेघ ओढायचे. एके दिवशी त्यांनी विचारलं, “बाई, एखादा राऊटर थकला तर? तो सांगतो का, की बाबा, आता मला झेपत नाही?”

“सांगतो गुरुजी,” मी म्हणाले.

“अस्सं! कसं सांगतो?”

तेव्हा त्यांना जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. राऊटर एकमेकांशी सतत बोलत असतात. मी इथे आहे, माझ्या शेजारी अमुक आहे, आमच्यामधला रस्ता इतका रुंद आहे. त्या बोलण्यातून प्रत्येकजण सगळ्या जिल्ह्याचा नकाशा स्वतःपाशी तयार करतो. राऊटरची मेमरी भरली किंवा तो नुकताच बंद होऊन चालू झाला, म्हणजे तो या बोलण्यातच एक खूण लावतो. तिला आम्ही ओव्हरलोड बिट म्हणतो. तिचा अर्थ एवढाच, की माझ्या गावचं जे असेल ते माझ्याकडे पाठवा, पण दुसरीकडे जाणारं माझ्या डोक्यावरून नेऊ नका. बाकीचे राऊटर ती खूण पाहतात आणि आपापली वाट वळवतात. कुणी कुणाला फोन करत नाही, कुणी अर्ज करत नाही.

गुरुजींनी वही मिटली. मग म्हणाले, “माणसांत ही सोय नाही.”

मी हसले होते. तोवर मला वाटायचं, माझ्या नेटवर्कात ही सोय पुरेपूर आहे.

निवृत्तीला वर्षभर उरलं असेल तेव्हाची गोष्ट. साकोलीच्या एका कॉलेजात संगणकावर परीक्षा होती. आरोग्यसेविकांची भरती. साठ मुली, साठ संगणक, आणि प्रश्नपत्रिका येणार नागपूरच्या सर्व्हरवरून. अशा कामासाठी आम्ही खास राखीव रस्ता बांधतो. त्याला टनेल म्हणतात. सगळी जनता ज्या वाटेनं जाते तिथे कधी गर्दी होते, म्हणून या मंडळींसाठी वेगळी जागा धरून ठेवायची. साकोलीहून नागपूरला आमच्याकडे दोन वाटा होत्या. एक हायवेच्या कडेनं, लाखनी आणि भंडाऱ्यावरून. दुसरी लांबची, गोंदिया आणि तुमसरवरून. राखीव रस्ता अर्थातच जवळच्या वाटेनं, लाखनीवरून होता.

सकाळी अकराला दहा मिनिटं असतील. परीक्षा केंद्रप्रमुख भुरे सरांचा फोन आला. शांत माणूस, पण त्या दिवशी आवाज चढला होता.

“मॅडम, काय करून राहिले तुम्ही लोकं? माह्या साठही पोरींचे स्क्रीन अडकले! नुसतं चाक फिरून राहिलं.”

“साकोलीचं सगळंच नेट बंद आहे का सर?”

“कायचं बंद? गेटवरच्या चहावाल्याच्या मोबाईलवर पिक्चर चालू हाय! त्याचं चालते अन् माह्या पोरींचं काहून नाही चालत?”

फोन ठेवला आणि खरं सांगते, भीती वाटायच्या आधी मला कुतूहल वाटलं. खराब झालं तर सगळ्यांचं व्हायला हवं. इथे चहावाल्याचा पिक्चर सुरळीत, आणि ज्यांच्यासाठी मी मुद्दाम राखीव रस्ता बांधला, नेमक्या त्याच अडकलेल्या. असं कसं?

माझ्यासोबत सेलोकर होता. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, हाताने झटपट. तो म्हणाला, “मॅडम, सर्व्हरच बसला असंन.” नागपूरच्या सर्व्हरवाल्यांना विचारलं. त्यांचं बाकी केंद्रांवर व्यवस्थित चालू होतं. मग वाटलं, केबल तुटली. पण केबल तुटली तर आमच्या पडद्यावर लाल दिवा लागतो, तो नव्हता. पाच-सहा मिनिटं अशीच गेली. मग सेलोकरने नकाशा उघडला आणि म्हणाला, “हे पाहा. लाखनीनं खूण लावली हाय.”

लाखनीचा राऊटर जुना होता. मेमरी कमी आणि पत्त्यांची यादी दरवर्षी वाढत गेलेली. त्या सकाळी तो एकदा आपोआप बंद पडून चालू झाला आणि उठल्याबरोबर त्याने सांगून टाकलं, की माझ्यावरून नेऊ नका. बाकी सगळ्यांनी ऐकलं. चहावाल्याचा पिक्चर मुकाट्याने गोंदियावरून यायला लागला. फक्त परीक्षेचा राखीव रस्ता तसाच लाखनीवरून चालला होता, आणि अर्धवट उठलेला तो राऊटर आलेली निम्मी पुडकी खाली टाकत होता.

“पण टनेलनं वळायला पाहिजे होतं ना?” सेलोकर म्हणाला. “वाट काढताना खूण लावलेला राऊटर सोडूनच देते तो.”

“हो. आपण सांगितलं नसेल तर सोडतो.”

“म्हणजे कोणीतरी सांगितलं असंन.”

मी साकोलीच्या राऊटरमधल्या सूचना उघडल्या. शेकडो ओळी असतात. खाली सरकत गेले आणि एका ओळीवर हात थांबला. ती सांगत होती, की ओव्हरलोडची खूण असली तरी चालेल, रस्ता तिथूनच न्या. तिच्यापुढे तीन शब्द होते. सुरुवातीचा, मधला, शेवटचा, म्हणजे वाटेतले सगळेच राऊटर.

ती ओळ मी लिहिली होती.

आठएक वर्षांपूर्वी विजांच्या दिवसांत साकोलीचाच राऊटर वारंवार बंद पडायचा. उठला की खूण लावायचा, आणि खूण लागली की भंडारा ते साकोली हा राखीव रस्ताच तुटायचा, कारण त्याचं एक टोक साकोलीतच. हे चुकीचं होतं. टोकाच्या राऊटरवर जायलाच हवं, तिथलंच तर काम आहे. म्हणून मी तेव्हा लिहिलं, खूण असली तरी चालेल. सुरुवातीच्या राऊटरला आणि शेवटच्या राऊटरला एवढं पुरलं असतं. मधल्याला ती सूट द्यायचं काही कारण नव्हतं. पण मागे साहेब उभे होते, फोन वाजत होते, आणि तिन्ही शब्द एका दमात लिहून होत होते. नंतर बघू म्हटलं. मग साकोलीचा राऊटर बदलला, जुन्या सूचना नव्यात तशाच उतरवल्या, विजांचा त्रास संपला, आणि ‘नंतर’ कधी आलंच नाही.

आता ‘मधला’ हा शब्द काढायचा, एवढंच काम होतं. पण परीक्षेच्या दिवशी नेटवर्कमध्ये काहीही बदलायला मनाई असते. नागपूरच्या वरिष्ठांची परवानगी लागते. मी फोन लावला.

“आत्ता? परीक्षा चालू असताना?” साहेब म्हणाले. “बदल केला आणि उरलेलंही गेलं तर?”

“जाणार नाही सर. रस्ता गोंदियावरून वळेल.”

“ही सूचना होती कशासाठी? कुणी टाकली? आधी ते कळू द्या.”

इथे मी जे केलं ते आजही मला खुपतं. मी म्हणाले, “जुनी आहे सर, बघावं लागेल.” बघावं लागणार नव्हतं. मला माहीत होतं. साहेबांनी कुणाकुणाला विचारलं, जुन्या नोंदी काढायला सांगितल्या, आणि त्यात दोन-तीन मिनिटं गेली. शेवटी सेलोकरने माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्याला कळलं होतं. मी पुन्हा फोन उचलला आणि म्हणाले, “सर, ओळ माझी आहे. मीच टाकली होती. का टाकली ते मला माहीत आहे आणि ती आता लागत नाही.”

“मग काढा,” साहेब म्हणाले.

काढली. मिनिटभर नकाशावर काहीच हललं नाही. मग राखीव रस्त्याची रेघ लाखनीवरून सुटली आणि गोंदियाकडे वळली. भुरे सरांचा फोन आला, “चालू झालं मॅडम, सगळे चालू झाले.” मागे मुलींचा गलका ऐकू येत होता, आणि कुणीतरी ‘शांत बसा’ म्हणून ओरडत होतं. सगळं मिळून अठरा मिनिटं.

आम्हाला वाटलं, विषय संपला. परीक्षेच्या सर्व्हरला संगणक तुटल्याचं कळलं की तो त्या मुलीचं घड्याळ थांबवतो आणि जोडणी परत आली की तिथून पुढे चालू करतो. तशी सगळ्यांना आपापली अठरा मिनिटं परत मिळाली होती.

एकीला सोडून.

पंधरा दिवसांनी ती ऑफिसात आली. दुपारची वेळ होती. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची, खांद्याला कापडी पिशवी, हातात कागदांची फाईल. नाव प्रणाली. चिखल्याच्या खाणीच्या वसाहतीतली. वडील मँगनीजच्या खाणीत खाली उतरणारे. तुमसरपर्यंत खाणीच्या गाडीतून आणि तिथून एसटीने आली होती.

“मॅडम, मले सायबाले नाही भेटायचं,” तिने आल्या आल्या सांगितलं. “मले एवढंच सांगा, त्या दिवशी माह्या स्क्रीनवर झालं काय? कोणीच सांगत नाही. साकोलीले गेलती, ते म्हणे कंपनीले विचार. परीक्षावाल्याले फोन केला, तो म्हणे तुमचं नेट बंदच नव्हतं.”

“बंद नव्हतं म्हणजे?”

तिने फाईलमधून एक कागद काढला. परीक्षावाल्यांचं उत्तर होतं. आमच्या नोंदीनुसार आपली जोडणी संपूर्ण वेळ चालू होती, सबब वाढीव वेळ देता येत नाही.

“एकोणीस प्रश्न उघडलेच नाही माह्यानं. चाक फिरे, थांबे, फिरे, थांबे. वरती घड्याळ मात्र पळतच होतं. या भरतीले तिशीची अट हाय मॅडम. पुढच्या भरतीत मी बसतच नाही.”

मी तिला बसवलं आणि आमच्या नोंदी काढल्या. मला पुन्हा तेच कुतूहल वाटलं. साठांतल्या एकोणसाठांचं घड्याळ थांबलं, हिचंच का नाही? तासभर आम्ही दोघी पडद्यासमोर होतो. ती प्रश्न विचारायची, आणि तिचे प्रश्न चांगले होते. पुडकी म्हणजे काय, ती हरवली तर पुन्हा कोण पाठवतं, सर्व्हरला कसं कळतं की समोर माणूस आहे. शेवटच्या प्रश्नाशी मी थबकले. सर्व्हर दर काही सेकंदांनी विचारतो, आहेस का? संगणक म्हणतो, आहे. लागोपाठ काही उत्तरं आली नाहीत, की सर्व्हर तो संगणक तुटला असं धरतो. लाखनीचा राऊटर निम्मी पुडकी टाकत होता, निम्मी जाऊ देत होता. बाकी सगळ्यांची ‘आहे’ कधी ना कधी लागोपाठ वाटेत पडली. हिच्या संगणकाची नेमकी अधूनमधून पोचत राहिली. ‘आहे’ एवढंच पोचलं. प्रश्न काही उघडले नाहीत.

तिने ते समजून घेतलं. मी कागदाच्या मागे साकोली, लाखनी, भंडारा अशी वर्तुळं काढली होती. त्यातल्या लाखनीवर तिने बोट ठेवलं.

“म्हणजे हा नको नको म्हणे, तरी याच्याच डोक्यावरून नेलं.”

“हो.”

“काहून? बाकीचे तर वळले.”

“कारण तशी सूचना लिहून ठेवलेली होती.”

“कोणी लिवली?”

सेलोकर शेजारच्या टेबलावर होता. त्याने मान वर केली नाही.

“मी,” मी म्हणाले.

तिने हात मागे घेतला. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. पिशवीतून पाण्याची बाटली काढली, दोन घोट प्यायली, झाकण लावलं. मग म्हणाली, “मुद्दाम नाही केलं तुम्ही.”

“नाही.”

“मंग तसं लिवून द्या ना. जसं मले सांगतलं तसंच.”

तसं लिहून देणं साधं नव्हतं. साहेबांनी आधीच एक मजकूर ठरवून ठेवला होता. अपरिहार्य तांत्रिक कारणामुळे काही काळ सेवेत व्यत्यय. त्या वाक्यात कुणीच नसतं. ना लाखनी, ना मी, ना प्रणाली. मी साहेबांना फोन केला. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, “लांजेवार मॅडम, तुमचं एक वर्ष राहिलं आहे. हे कागदावर आलं की मला चौकशी लावावी लागेल. ते वाक्य पाठवा आणि मोकळ्या व्हा.”

“ते वाक्य पाठवलं तर तिला काही मिळणार नाही सर. ते म्हणतात, व्यत्यय आलाच नाही.”

“मग तुम्ही लिहाल ते मला न विचारता पाठवलं असं समजतो,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

संध्याकाळपर्यंत मी लिहीत होते. तीन पानं झाली. लाखनीच्या राऊटरने किती पुडकी टाकली त्याचा आलेख, कोणत्या मिनिटाला खूण लागली, कोणत्या मिनिटाला रस्ता वळला, आणि तिचा संगणक जोडलेला दिसत असूनही प्रश्न का उघडत नव्हते. शेवटी लिहिलं, की मधल्या राऊटरला दिलेली सूट अनावश्यक होती, ती मी दिली होती आणि वेळेवर काढली नाही. सही केली. प्रणाली शेवटची एसटी चुकेल म्हणून घाईत होती, पण तीनही पानं तिने उभ्या उभ्या वाचली. एका ठिकाणी थांबून म्हणाली, “इथं ‘पॅकेट’ लिवलं हाय. मले पुडकी म्हणून सांगतलं होतं. ते समजंन का त्याइले?” मी कंसात पुडकी लिहिलं.

चौकशी लागली. फार काही झालं नाही. राऊटरमध्ये बदल करण्याचा माझा अधिकार काढून घेतला. म्हणजे अकरा महिने मी रोज ऑफिसला जायची, सगळे नकाशे बघायची, पण एक अक्षर बदलू शकत नव्हते. बदल सेलोकर करायचा, मी शेजारी बसून सांगायची. माझ्यासारख्या बाईला ही शिक्षा मोठी होती. पण एक झालं. हात रिकामे होते म्हणून मी सगळ्या जिल्ह्यातल्या राऊटरमधल्या सूचना ओळ न् ओळ वाचून काढल्या. कधीकाळी घाईत दिलेल्या आणि नंतर विसरलेल्या अशा सवलती आणखी चार ठिकाणी सापडल्या. त्यातल्या दोन माझ्याच होत्या. सेलोकरने त्या काढल्या. प्रत्येक वेळी तो विचारायचा, “ही कशासाठी होती मॅडम?” आणि मी जेवढं आठवेल तेवढं सांगायची. तो ते वहीत लिहून ठेवायचा. माझ्या काळात अशी वही कुणी ठेवली नाही, मीसुद्धा नाही.

परीक्षावाल्यांनी पत्र मान्य केलं. प्रणालीला पुन्हा परीक्षा द्यायला बोलावलं, एकटीला, नागपूरच्या केंद्रावर. त्या दिवशी मी सकाळपासून नागपूरच्या रस्त्यांचे आकडे बघत बसले होते. हात लावता येत नव्हता, तरी. सगळं सुरळीत गेलं. एकही पुडकं पडलं नाही.

निकाल लागला त्या दिवशी तिचा फोन आला. मी स्वयंपाकघरात होते. आवाजावरून काही कळेना.

“मॅडम, नाही झालं. तीन मार्कानं राहिलं.”

मी गॅस बंद केला. म्हणाले, “प्रणाली, त्या दिवशी नागपूरला नेट अडखळलं का गं कुठं? स्क्रीन थांबला होता का? मी पुन्हा नोंदी काढते.”

“नाही, नाही. एकदम मस्त चालू होता. सगळे प्रश्न उघडले. वेळ पण उरला मले. गणितात गेले मॅडम. टक्केवारीचे चार प्रश्न हुकले. माह्यं गणित पहिल्यापासून कच्चंच हाय.”

“तरी गं...”

“नाही मॅडम, तुम्ही वाईट नोका वाटून घेऊ. पहिल्या टायमाले घरी सगळे विचारे, काय झालं, काहून झालं, अन् मले सांगताच नाही ये. रात रात तेच डोक्यात. आता बाबानं विचारलं तर मी सरळ सांगतलं. सगळा पेपर माह्या समोर होता अन् मले चार गणितं नाही आली.” मग ती हसली, खरंच हसली. “हे माह्यं हाय. याचं मी पाहून घेतो.”